तुमच्या वेळी त्या रस्त्याला काय म्हणत? जुन्या नैरोबीचे अनुभव

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने नैरोबीहून एक चित्रफीत पाठवली. २०२२ साली सुरू झालेल्या उन्नत द्रुतगती मार्गावरून तो वेस्टलँड्सकडे मोटारीने चालला होता आणि मध्येमध्ये "मामा, ओळखा पाहू कुठे आलो," असे विचारत होता. माझा जन्म नैरोबीचा, आयुष्याची पहिली वीस वर्षे तिथलीच. तरी त्या सबंध प्रवासात मला ओळखता आला तो फक्त संसद भवनाचा घड्याळाचा मनोरा. तिथल्या रस्त्याला आता उहुरू हायवे म्हणतात. मी शाळेत होतो तेव्हा तो प्रिन्सेस एलिझाबेथ वे होता आणि त्याच्या कडेने बोगनवेल फुललेली असे. आता त्याच्या डोक्यावर काँक्रीटचे छत आले आहे.

मराठी माणसे तिथे कधीच फार नव्हती. गुजराती, पंजाबी आणि गोवेकर यांच्या मानाने आपण मूठभरच. परंतु रेल्वेत, बँकांत, शाळांत आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत कोणी ना कोणी आपले असायचेच. अशा सर्वांना विनंती आहे की त्यांनी आपापल्या वेळची नैरोबी इथे लिहावी. रस्त्याचे तुमच्या वेळचे नाव लिहा, साल लिहा. "तेव्हा सगळे छान होते" एवढेच लिहायचे असेल, तर ते मीही लिहू शकतो. तुमच्या खिडकीतून काय दिसत होते ते लिहा.

सुरुवात माझ्यापासूनच करतो.

पुणे, नैरोबीत १९४८ ते १९६८

वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात होते आणि आम्ही न्गारा भागातल्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. दगडी भिंती, वर पन्हळी पत्रे, पुढे हातभर बाग आणि मागच्या अंगणात लालभडक माती, असे ते घर होते. पत्र्याला तिथे 'मबाती' म्हणतात, आणि एप्रिलमधला मोठा पाऊस त्या मबातीवर कोसळू लागला की घरातल्या घरात ओरडून बोलावे लागे. नैरोबी विषुववृत्तापासून जवळ असली तरी साडेपाच हजार फुटांवर आहे. मासाई भाषेतल्या 'थंड पाणी' या अर्थाच्या शब्दांवरून तिला नाव मिळाले आणि ते नाव जुलैमध्ये अगदी पटत असे. शाळेला जाताना स्वेटर घालावा लागे. पुण्याच्या नातेवाइकांना हे पत्राने कळवले की ते ती थाप समजत.

गव्हर्न्मेंट रोड हा आमच्या गावाचा कणा होता. त्याच्या एका टोकाला रेल्वे स्टेशन होते आणि पुढे खोजा मुसलमानांचा काळ्या दगडातला जमातखाना, म्हणजे प्रार्थनागृह. रविवारी संध्याकाळी दुकाने बंद असत, तरी सारे हिंदी, म्हणजे भारतीय, लोक इस्त्रीचे कपडे घालून काचेतल्या वस्तू बघत त्या रस्त्याने फिरत. विकत काही घ्यायचे नसे, त्यामुळे वडिलांना ती करमणूक फार आवडे. १९७८ साली केन्याटांच्या जागी मोई अध्यक्ष झाले आणि तो मोई अव्हेन्यू झाला, परंतु मी तेव्हा तिथे नव्हतो. डेलामेअर अव्हेन्यूचा केन्याटा अव्हेन्यू मात्र मी पाहिला आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांचा पुढारी लॉर्ड डेलामेअर याचा पुतळा स्वातंत्र्यानंतर हलवला गेला आणि काही दिवस त्या वळणावर माणसे उगाचच मान वर करून पाहत असत.

माझे खरे वेड म्हणजे गाड्यांची इंजिने. १९५५ पासून मोम्बासाच्या मार्गावर ५९ वर्गाची गॅरॅट इंजिने आली. मीटरगेजवर धावणारी जगातली सर्वांत बलवान वाफेची इंजिने तीच, असे वडील अभिमानाने सांगत. गडद तांबडा रंग, पुढेमागे पाण्याच्या आणि तेलाच्या टाक्या, मध्ये बॉयलर, आणि प्रत्येक इंजिनाला पूर्व आफ्रिकेतल्या एकेका पर्वताचे नाव. मी वहीत ती नावे टिपून ठेवत असे. केनिया, एल्गॉन, किलिमांजारो यांचे आईला काही वाटत नसे. परंतु 'माउंट मेरू' हे नाव मी वाचून दाखवले तेव्हा तिने हात जोडले. तो मेरू टांगानिकातला आहे, हे तिला सांगायचा धीर घरात कोणालाच झाला नाही.

बोटीचेही तसेच. मुंबईहून येणाऱ्या दोन बोटी ठरलेल्या होत्या, 'कंपाला' आणि 'करंजा'. करंजा हे नाव उरणजवळच्या गावावरून आले की वऱ्हाडातल्या, यावर घरात वर्षानुवर्षे वाद चालला. कोकम, गोडा मसाला आणि दिवाळी अंक त्याच बोटीने येत, म्हणून दिवाळी अंक आम्ही साधारण नाताळच्या सुमारास वाचत असू.

मडगाव, नैरोबीत १९४४ ते १९६६

रविवारच्या फेरफटक्याचे वर्णन अगदी बरोबर आहे, फक्त आम्ही गोवेकर त्याआधी चर्चमध्ये जाऊन येत असू. आम्ही ईस्टलीत राहत होतो. आज त्या भागात सोमाली व्यापाऱ्यांचे मोठमोठे मॉल आहेत असे ऐकतो. आमच्या वेळी तिथे बैठी घरे होती, आणि रात्री कुठल्या तरी घरातून पियानोचा नाही तर व्हायोलिनचा सराव ऐकू येई.

गोवेकर सारे एक होते असे मात्र कोणी समजू नये. कारकुनांचे आणि अधिकाऱ्यांचे गोवन इन्स्टिट्यूट वेगळे, गोवन जिमखाना वेगळा, शिंप्यांची संस्था आणखी वेगळी. माझे वडील शिंपी होते. ज्या साहेबांचे सूट ते बेतत, त्यांतले अर्धे गोवेकरच होते, पण त्यांच्या क्लबाच्या पायरीवर वडील कधी चढले नाहीत. बोटीत बसून तीन हजार मैल आलो तरी गावचा वाडा आणि वाड्यातली जागा आम्ही सोबतच आणली होती.

आजोबा मात्र डॉक्टर रोझेंडो रिबेरो यांची गोष्ट अभिमानाने सांगत. नैरोबी म्हणजे नुसती रेल्वेची छावणी होती त्या काळात हे गोव्याचे डॉक्टर झेब्र्यावर बसून रोगी पाहायला जात. १९०२ मध्ये इंडियन बाजारात प्लेगचे रोगी त्यांनी ओळखले आणि सरकारी अधिकाऱ्यांनी सबंध बाजार जाळून टाकला. पुढे तोच बाजार पुन्हा उभा राहिला, त्याचा बझार स्ट्रीट झाला आणि आता त्याला बियाशारा स्ट्रीट म्हणतात. बियाशारा म्हणजे व्यापार, तेव्हा नाव बदलून अर्थ फारसा बदललेला नाही.

माझ्यासाठी ते शहर २४ फेब्रुवारी १९६५ रोजी बदलले. त्या सकाळी पियो गामा पिंटो यांना त्यांच्या घराच्या फाटकाशी गोळ्या घातल्या, तेव्हा त्यांची लहान मुलगी मोटारीत होती. ब्रिटिशांनी त्यांना अनेक वर्षे स्थानबद्ध ठेवले होते आणि स्वतंत्र केनियात ते संसदेचे सभासद झाले होते. वडिलांनी त्या दिवशी दुकानाची फळी अर्धीच उघडली. पुढच्या वर्षी आम्ही गोव्याला परतलो.

नागपूर, नैरोबीत १९७३ ते १९८६

वरचे दोन्ही अनुभव मी आवडीने वाचले, परंतु एक गोष्ट नोंदवल्याशिवाय राहवत नाही. मी तिथे माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते. शिक्षकांच्या खोलीत एकदा मी जुन्या नैरोबीची छायाचित्रे असलेले कॅलेंडर पाहून "किती स्वच्छ आणि मोकळे गाव होते," असे म्हणाले. शेजारी बसलेले किकुयू जमातीचे सहकारी वह्या तपासत होते. त्यांनी मान वर न करता सांगितले, "मोकळे होते, कारण आम्हाला तिथे यायला परवाना लागत असे."

नंतर त्यांनी सविस्तर सांगितले. त्यांचे वडील १९३० च्या दशकात नैरोबीत मजुरी करत. आफ्रिकी पुरुषाला तेव्हा 'किपांडे', म्हणजे बोटांचे ठसे आणि मालकाचा शेरा असलेले ओळखपत्र, पत्र्याच्या लहानशा डबीत घालून गळ्यात अडकवावे लागे. राहायचे ते पुमवानीसारख्या नेमून दिलेल्या वस्तीत. २४ एप्रिल १९५४ च्या पहाटे माऊ माऊ बंड मोडण्यासाठी ब्रिटिश सैन्याने सगळ्या शहराला वेढा घातला आणि किकुयू, एम्बू व मेरू लोकांना हजारोंनी पकडून छावण्यांत नेले, त्यांत त्यांचे काका होते. हिंदी लोकांनाही गोऱ्यांच्या वस्त्यांत घर घेता येत नव्हते, हे खरे आहे. परंतु तीन मजल्यांच्या त्या घरात आपण मधल्या मजल्यावर होतो, आणि मधल्या मजल्यावरून खालचा मजला दिसत नाही.

माझ्या स्वतःच्या आठवणीतली नैरोबी गजबजलेली आहे. शाळेच्या फाटकाशी एक बाई कोळशावर मक्याची कणसे भाजत असे. पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घालत ती लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून कणसावर चोळत असे, अगदी आपल्याकडच्यासारखी, आणि मी पहिल्या दिवशी तिला चक्क मराठीत भाव विचारला होता. येण्याजाण्यासाठी बस होती, पण लवकरच मी मटाटूला, म्हणजे खासगी छोट्या प्रवासी गाडीला, सरावले. 'टाटू' म्हणजे तीन. दहा सेंटची तीन नाणी दिली की शहरात कुठेही जाता येई, त्यावरून ते नाव पडले. मी गेले त्याच वर्षी सरकारने या गाड्यांना मोकळीक दिली. पुढे त्यांनी सगळा रस्ता व्यापला याची तक्रार पुष्कळ लोक करतात, परंतु गावाबाहेरच्या वस्तीतला माणूस भर शहरात पोचला तो त्याच गाडीने.

पुणे, धागाकर्ता

आपले म्हणणे मला टोचले, आणि ते टोचायलाच हवे होते. एप्रिल १९५४ मध्ये मी सहा वर्षांचा होतो. आमच्याकडे कामाला येणारा माणूस किकुयू होता. तो मला खांद्यावर बसवून रेल्वेच्या कुंपणापर्यंत न्यायचा, आणि स्वाहिली मी त्याच्याकडूनच शिकलो. एके दिवशी तो आला नाही. आईने "गावाला गेला" असे सांगितले आणि ते मी सत्तर वर्षे तसेच मानत आलो. तारीख आपण लिहिली म्हणून आज प्रथमच जुळवून पाहिली. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर खिळ्याला त्याचा निळा कल्हईचा, नव्हे, इनॅमलचा मग टांगलेला असे. तो घरातल्या भांड्यांत मिसळत नसे आणि त्याचे कारण मला कोणी सांगावे लागले नव्हते. तो मग पुढे कितीतरी महिने तिथेच होता.

आमचे तिथून निघणेही आता वेगळे दिसते. स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांत नागरिकत्व घ्यायचे होते, वडिलांनी ते घेतले नाही. १९६७ च्या कायद्याने परदेशी ठरलेल्यांना कामाचा परवाना लागू लागला. त्यातच आमच्यासारख्या ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना ब्रिटन दार लावून घेणार अशी कुणकुण लागली आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये एम्बाकासी विमानतळावर माणसांची रीघ लागली. न्गारात घराघरांपुढे पलंग, शिवणयंत्रे आणि तांब्याचे बंब विकायला मांडले होते. आम्ही लंडन सोडून पुणे निवडले. मला आजवर वाटत होते की आमच्यावर फार मोठा अन्याय झाला.

डोंबिवली, नैरोबीत १९७४ ते १९८१

वरचा मजकूर वाचल्यावर माझ्या आठवणी फारच खाण्यापिण्याच्या वाटतील, तरी लिहितो. मी बँकेच्या नोकरीमुळे गेलो. केन्याटा कॉन्फरन्स सेंटरचा गोल मनोरा नुकताच, १९७३ साली, पूर्ण झाला होता आणि शहरात कुठेही उभे राहिले तरी तो दिसे. त्याच्या माथ्यावर फिरते उपाहारगृह होते. गावाहून आलेल्या पाहुण्याला तिथे नेऊन एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे गवताळ माळ आणि दुसऱ्या बाजूला शहर दाखवणे हा ठरलेला कार्यक्रम असे. चहा महाग होता, म्हणून तो सावकाश प्यायचा.

बियाशारा स्ट्रीटवर कांगा, म्हणजे बायका गुंडाळतात ती छापील वस्त्रे, ब्लँकेटे आणि शाळेचे गणवेश यांची दुकाने होती, आणि ती बहुतेक गुजरात्यांची. दुकानाला 'डुका', हिशेबाला 'हेसाबू', विम्याला 'बिमा', रंगाला 'रांगी' म्हणणारी भाषा आठ दिवसांत अर्धी तरी कळू लागते. आफ्रिकी गिऱ्हाईक आणि काठेवाडी शेठ यांच्यातली घासाघीस ऐकताना कोण कोणाच्या भाषेत बोलतो आहे हे सांगता येत नसे.

परंतु माझी खरी नैरोबी म्हणजे थिका रोडवरचे फॉक्स ड्राइव्ह-इन. शनिवारी दुपारपासून बायकोची ढोकळ्याची, बटाटेवड्यांची आणि मोगोची, म्हणजे कसाव्याच्या तळलेल्या कापांची, तयारी चाले. मोटार उताराच्या जागी उभी करायची, खांबावरचा ध्वनिक्षेपक काढून खिडकीच्या काचेला अडकवायचा, आणि चित्रपट सुरू होईपर्यंत दुसऱ्यांच्या मोटारींत डोकावून आज कोण काय घेऊन आले आहे ते पाहायचे. पिकअपवाले तर गाडी उलटी लावून मागे गादीच घालत. मध्यंतरानंतर थंडी वाढे आणि काचा धुक्याने भरत. मुलगी ब्लँकेटात झोपून जाई. कुठल्याही हिंदी चित्रपटाचा शेवट तिने त्या सात वर्षांत पाहिला नाही.

लेस्टर, नैरोबीत १९६९ ते १९८३

मी फक्त एका दिवसाचे लिहिणार आहे. १ ऑगस्ट १९८२, रविवार. पहाटे लांबून गोळीबार ऐकू आला आणि रेडिओवर हवाई दलाच्या लोकांनी सत्ता घेतल्याचे सांगत होते. बंड त्याच दिवशी मोडले, परंतु तोपर्यंत हिंदी लोकांची दुकाने फुटली होती आणि पार्कलँड्स-न्गारातल्या घरांत लुटारू शिरले होते. आम्ही चौघे न्हाणीघरात बसून होतो, कारण त्याला खिडकी नव्हती. इमारतीचा रखवालदार लुओ जमातीचा होता. तो फाटकाबाहेर खुर्ची टाकून दिवसभर बसला आणि येणाऱ्या प्रत्येक टोळीला "वर काही उरलेले नाही" असे सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्याला पैसे देऊ केले, तेव्हा त्याने ते घेतले आणि मोजून पाहिले. मला ते मोजणे त्या वेळी खटकले होते. आज खटकत नाही.

ठाणे, नैरोबीत १९९६ ते २००१

७ ऑगस्ट १९९८ च्या सकाळी साडेदहाच्या सुमारास अमेरिकन वकिलातीबाहेर स्फोट झाला, तेव्हा मी तिथून चार चौक दूर होतो. नैरोबीत २१३ माणसे गेली, त्यांतली बहुतेक केनियन. वर ज्या गव्हर्न्मेंट रोडच्या स्टेशनाकडच्या टोकाचे वर्णन आहे, त्याच कोपऱ्यावर ती वकिलात होती. कित्येक दिवस पदपथावरून चालताना काच करकरत असे. आता तिथे स्मृतिउद्यान आहे.

नैरोबी, पार्कलँड्स, २०१९ पासून

मी संगणक क्षेत्रात काम करतो आणि इथे सगळ्यांत नवखा आहे. माझी नैरोबी सुमारे ४४ लाखांची आहे. १९६९ च्या जनगणनेत ती पाच लाखांची होती असे वाचले. न्यू स्टॅनले हॉटेलच्या थॉर्न ट्री कॅफेत पूर्वी प्रवासी ज्या बाभळीच्या खोडाला एकमेकांसाठी चिठ्ठ्या टोचून ठेवत, ती बाभूळ केव्हाच गेली, तिच्या जागी दुसरी आहे. हिल्टन हॉटेल २०२२ च्या शेवटी बंद झाले. नव्या मार्गासाठी पुष्कळ झाडे गेली, परंतु वायाकी वेवरचे एक जुने उंबराच्या जातीचे झाड लोकांनी आरडाओरडा केला म्हणून २०२० मध्ये वाचले. उहुरू पार्कही तसेच राहिले. १९८९ मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई तिथे होऊ घातलेल्या साठ मजली इमारतीच्या आड आल्या नसत्या तर आज मुलांना तिथे बसायला हिरवळ उरली नसती. नीलमोहोर अजून ऑक्टोबरमध्ये रस्ता जांभळा करतो आणि मोटारींच्या काचांवर चिकटतो.

धागाकर्त्या काकांसाठी मी गेल्या शनिवारी रेल्वे संग्रहालयात जाऊन आलो. तुमच्या ५९ वर्गातले 'माउंट गेलाई' तिथे उभे आहे आणि चालकाच्या खोलीत चढता येते. मेरू मला दिसले नाही. तुमचे क्वार्टर शोधायचे असेल तर खूण सांगा.

पुणे, धागाकर्ता

गेलाई माझ्या वहीत होते. खूण म्हणाल तर शान सिनेमा. त्याकडे पाठ करून उभे राहिले की डावीकडे उतार लागत असे आणि तिसऱ्या रांगेत आमचे घर. शानमध्ये आम्ही शनिवारी दुपारचा खेळ पाहत असू. पुढच्या रांगांत लाकडी खुर्च्या होत्या आणि गाणे लागले की सगळे पाय आपटत.

नैरोबी, पार्कलँड्स

आज दुपारी जाऊन आलो. उताराच्या बाजूला आता उंच इमारती आहेत, रांगा मला मोजता आल्या नाहीत. शान मात्र उभे आहे, फक्त त्याचे नाव सरकासी डोम झाले आहे. सरकासी म्हणजे सर्कस. दार उघडे होते म्हणून आत डोकावलो. खुर्च्या नाहीत. गाद्या अंथरल्या होत्या आणि दहा-बारा मुले एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरा करण्याचा सराव करत होती. सर्वांत वरचा मुलगा असेल सहा-सात वर्षांचा. तो खाली उतरायला तयार नव्हता आणि खालचा माणूस हसत त्याला "शुका, शुका," म्हणजे उतर, उतर, असे सांगत होता.